बर्टविसल : पाखरं आहेत, शीळ नाही

प्रश्न : नातू पाश्चात्त्य संगीत शिकतो. त्याच्या वहीत सर हॅरिसन बर्टविसल या संगीतकाराचं नाव वाचलं. नातू छातीठोकपणे सांगतो, की यांच्या पूर्वजांत कुणी पाखरासारखी शीळ घालत असणार, म्हणून हे आडनाव. मला काही पटत नाही. खरं काय?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, नातवाला अर्धे गुण द्या. पाखरं आहेत, शीळ नाही. जुन्या इंग्रजीत ‘ट्विस्ला’ म्हणजे नदी-ओढ्याचा दुफाटा, दोन प्रवाह भेटतात ती जागा. आधीचं ‘ब्रिड’ म्हणजे पाखराचं पिल्लू; पुढे त्याचंच ‘बर्ड’ झालं. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात पॅडिअमजवळ, हॅप्टन गावाच्या शिवारात, बर्टविसल नावाची वस्ती होती. ती कधीच मोडली, आडनाव उरलं. त्याच मुलखातली एंटविसल, ऑस्वल्डट्विसल ही गावं याच घडणीची. प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावरचे आपले संगमनेरकर तिकडे जन्मते तर असंच काहीतरी नाव लावून फिरले असते!

मग शीळ आली कुठून? लिहिणाऱ्याच्या लेखणीतून. 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी लागली. सांगणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नाही आणि लिहिणारा कानावर पडेल ते उतरवणार. कुठे मध्ये एक ‘एच’ घुसला, कुठे ‘टी’चा ‘डी’ झाला, आणि कागदावर ‘बर्डव्हिसल’, म्हणजे ‘पक्ष्याची शीळ’ तयार! नातू त्याच कागदाला फसला.

आणखी एक गोष्ट त्याला जरूर सांगा. खुद्द बर्टविसलमध्ये शेजाऱ्याला बर्टविसल म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच बर्टविसलचे. गावाचं नाव माणसाला चिकटतं ते त्याने गाव सोडल्यावर, आणि चिकटवतात दुसऱ्या गावचे लोक. राजवाड्यासमोर राहून हे कळायला इतका वेळ लागू नये. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. पण नाव गाजलं माळव्यात.

बर्टविसल मंडळी मात्र फार लांब गेली नाहीत. हे आडनाव मुख्यतः लँकेशायरचंच राहिलं. सर हॅरिसन 1934 साली जन्मले ते ॲक्रिंग्टनला, सूतगिरण्यांच्या यंत्रांसाठी नावाजलेल्या गावात. हॅप्टन तिथून जेमतेम दोन-तीन कोस.