‘पीळ काढणे’, ‘उलगडणे’ की ‘उकलणे’?

वडगावच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “दहावीपर्यंत मराठीत शिकले, आता बीएस्सी इंग्रजीत. यीस्टच्या तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रियातल्या) डीएनएवर काम करणाऱ्या हेलिकेज या विकराबद्दल (एन्झाइमबद्दल) वर्गात बोलायचं आहे. घरी आईलाही सांगायचंय, ती मागावर बसते. ‘पीळ काढणारं विकर’ म्हणू की ‘उलगडणारं’?”

मी दोन्ही म्हणणार नाही. ‘पेड उकलणारं विकर’ म्हण.

उलगडते ती घडी, चटई, वळकटी. वस्तू एकच, ती फक्त पसरते. डीएनएत दोन पेड एकमेकांभोवती वळलेले असतात आणि हेलिकेज त्यांना सुटं करतं. जोडून असलेलं अलग होतं तिथे आपण उकलणे म्हणतो: शिवण उकलते, शेंग उकलते. आपल्या सीमाभागातल्या कानडीत गाठ सोडणंही ‘बिच्चु’ आणि छत्री उघडणंही ‘बिच्चु’. दिवसभर दोन्ही भाषा कानांवर पडतात, त्यामुळे मराठीतला हा फरक पुसट होतो. तो जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘पीळ काढणे’. कारहुणवीच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी आजोबा बैलांना नवी दावी वळायचे, तेव्हा मी जुन्या दाव्याचे पेड ओढून वेगळे करत बसायचो. दुसरं टोक खुंटीला बांधलेलं. चार बोटं दावं सुटलं की पुढचं इतकं आवळायचं की त्याला वेटोळी पडायची. पीळ गेला नव्हता, पुढे सरकला होता. डीएनएतही हेच होतं. तो साचलेला पीळ काढायला टोपोआयसोमरेज हे वेगळं विकर आहे. ते धागा कापतं, पीळ सैल करतं आणि पुन्हा सांधतं. ‘पीळ काढणारं’ हे नाव त्याचं. ते हेलिकेजला दिलंस तर टोपोआयसोमरेजला काय म्हणशील?

यीस्टमधल्या तुझ्या विकराचं नाव पिफ-१. ते एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चून एका पेडावरून एकाच दिशेने सरकतं. नावातला ‘पि’ फ्रेंच ‘पतीत’चा, म्हणजे छोटी: तंतुकणिकेतला डीएनए बिघडलेल्या यीस्टच्या वसाहती खुज्या राहतात, त्यांना हे नाव पडलं. या जनुकाचा बिघाड 1983 मध्ये नोंदला गेला आणि ते हेलिकेज असल्याचं 1991 मध्ये दाखवलं गेलं. हेच विकर केंद्रकातही काम करतं, म्हणून नुसतं ‘तंतुकणिकेचं विकर’ म्हणू नकोस.

राहिला ‘पेड’ऐवजी सुचू शकणारा ‘पदर’. दोराच्या धाग्याला पदरही म्हणतात, दुपदरी, तिपदरी. शब्द चुकीचा नाही. पण आईशी बोलताना तो टाळ. मागाच्या घरात पदर म्हटलं की लुगड्याचाच डोळ्यांपुढे येणार. पेड म्हटलंस तर वेणी आठवेल, आणि तुला तेच हवं आहे.