वाचकांचे प्रश्न : इंजिन बदललेली डिझेल पिकअप घेताना

प्रश्न : मूळ पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलेली एक जुनी पिकअप पाहायला जाणार आहे. इंजिन नुकतंच बांधलंय, असं मालक सांगतात. सोबत मेकॅनिक नसेल. काय पाहावं, आणि कुठून सुरुवात करावी?

उत्तर : मालकांना फोनवरच सांगून ठेवा की तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी ब्लॉकला आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागलं तर वेळ बदलून मागा. झिजलेल्या पिस्टन रिंगा, मेलेले हीटर प्लग (थंड इंजिनाचे सिलिंडर तापवणारे), टिपकणारं नोझल (डिझेल फवारणारं) हे सगळं थंड इंजिन सुरू करतानाच उघडं पडतं. गरम झाल्यावर तेच इंजिन एका सेल्फमध्ये उठतं.

‘नुकतंच बांधलंय’ याचा पुरावा म्हणजे सुट्या भागांची बिलं. त्यात रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट दिसायला हवं, आणि क्रँक घासला असेल तर बेअरिंग कुठल्या मापाचं टाकलं तेही. ब्लॉकला मारलेला नवा रंग हा पुरावा नव्हे. बिलं नसतील तर इंजिन जुनं धरूनच सौदा करा. मीटरवरचे किलोमीटर गाडीचे असतात, इंजिनाचे नव्हेत, म्हणून त्या आकड्याकडे बघूही नका. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट आणि टेन्शनर घेतल्याबरोबर बदलायचे. कुणी कितीही शपथा घेतल्या तरी.

मात्र खरा वेळ द्यायचा तो इंजिन आणि गाडी जिथे जोडलीत त्या जागांना. नोझल, पंप, रिंगा दुकानात मिळतात. कुणीतरी हाताने बनवलेला ब्रॅकेट तुटला की तो कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो.

गाडी सपाट जागी उभी करून खाली शिरा (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही नको). फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन चॅसिसवर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सलग आहे की ठिपके मारलेत, चॅसिसच्या पातळ पत्र्यावर थेट जोडलंय की मागे जाड पट्टी दिली आहे, कडेने केसासारखी भेग आहे का, ते टॉर्चने बघा. भेगेतून गंजाची तांबूस रेघ ओघळलेली असते, ती आधी नजरेत भरते. पुढे सलग एक्सल असेल तर चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) आणि एक्सल यांच्यामधलं अंतर टेपने मोजा, आणि बंप रबर (एक्सलला वर अडवणारं) टेकायला एक्सलला किती वर यावं लागतं तेही मोजा. पहिलं माप दुसऱ्यापेक्षा जास्तच हवं. नसेल तर भरलेली गाडी पहिल्या मोठ्या खड्ड्यात चेंबर फोडून घेईल. चेंबरच्या बुडाला ठोकल्याच्या खुणा असतील तर तसं आधीच घडलेलं आहे. डिझेल इंजिन बहुधा पेट्रोलपेक्षा जड असतं. पुढचे पाटे किंवा स्प्रिंग तेच ठेवले असतील तर गाडीचं नाक खाली झुकलेलं दिसतं आणि पुढचे टायर एका कडेने खाल्लेले असतात.

आता वायरिंग. मल्टिमीटर सोबत न्याच. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले तर अर्थिंग ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी बारीक आहे किंवा लावलेलीच नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. काही डिझेल इंजिनं मुळात २४ व्होल्टच्या गाड्यांतली असतात, म्हणून सेल्फ, हीटर प्लग आणि पंपाचा सोलेनॉइड किती व्होल्टचे आहेत ते त्यांच्या पट्टीवर वाचा. किल्ली ‘ऑन’ केल्यावर ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन उठल्यावर विझला पाहिजे. अशा गाड्यांत तो बरेचदा जोडलेलाच नसतो. ऑइलच्या दाबाचा काटा असला तरी सेंडर (दाब मोजून काट्याला कळवणारा भाग) दुसऱ्या गाडीचा असतो, त्यामुळे तो दाखवेल ते खरं नव्हे. यांत्रिक गेज लावून पाहता आलं तर उत्तम : गरम इंजिनाला आयडलवर १ बारच्या आसपास आणि दर १००० फेऱ्यांमागे निदान ०.७ बार दाब, हा ढोबळ हिशेब धरतात.

इंधनाची लाइन एकच दिसली तर थांबा. डिझेलला परतीची लाइनही लागते. टाकीत जुना पेट्रोल पंप तसाच ठेवला असेल तर त्याची जाळी तुंबून गाडी चढावर दम टाकते. फिल्टरच्या बुडातून पेलाभर डिझेल काढून काचेत धरा. खाली पाण्याचा थर दिसला तर पंप आणि नोझल यांचं आयुष्य कमी झालेलं आहे.

शेवटी अर्धा तास चालवा, त्यातही चढावर, शक्य तर वजन भरून. रेडिएटर अपुरा असेल, किंवा जागा नाही म्हणून फॅनचा श्राउड (भोवतीचं आवरण) काढून टाकला असेल, तर ते सपाट रस्त्यावर कळत नाही. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही, तर क्लच डिझेलच्या टॉर्कला पुरत नाही. एक्सलचं रेशो पेट्रोलच्या काळातलं असेल तर महामार्गाच्या वेगाला इंजिन ओरडतं. तो बिघाड नाही, पण रोज सहन करायचा आहे.

प्रश्न : इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं तर वाफ येते. मालक म्हणतात, सगळ्या डिझेलना येते. खरं आहे का?

उत्तर : थोडी येते, हे खरं. झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. आयडलवर ते जागीच थरथरलं तर चालेल. उडून पडलं, किंवा फेऱ्या वाढवल्यावर धूर भकाभका फेकला गेला, तर बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला वायू खाली चेंबरकडे गळणं) जास्त आहे, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर गेले. झाकणाखाली ऑइल अडवणारा पत्रा असलेल्या इंजिनांत ही चाचणी फसवी ठरते, म्हणून ब्रीदरचा (इंजिनातला वायू बाहेर सोडणारा) पाइपही काढून बघा. त्यातून ऑइलचे थेंब गळत असतील, किंवा तो पाइप मुद्दाम रस्त्याकडे सोडलेला असेल, तर कारण विचारा.

धुराच्या रंगावरूनही कळतं. सुरू करताना पांढरा आणि मिनिटभरात जाणारा, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल : हीटर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन. गरम झाल्यावरही पांढराच आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप बघा.

टर्बो तपासायचा तो इंजिन बंद करूनच. हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित हलला तर चालतो, पाती घराला टेकता कामा नयेत. पुढे-मागे हलणं हाताला जाणवताच कामा नये. टर्बोचं सील फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. अनोळखी इंजिनाच्या फेऱ्या वाढवताना हवेच्या तोंडावर दाबायला एक जाड फळी हाताशी ठेवा. तळहात कधीच लावू नका.

प्रश्न : कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणं गरजेचं आहे का?

उत्तर : सुरुवात जड असेल किंवा वरच्या चाचण्यांत शंका आली असेल, तर हो. डिझेलसाठी वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा गेज त्या दाबाला फुटेल. हीटर प्लग किंवा नोझलच्या जागी ॲडॉप्टर लावून, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारतात. बहुतेक इंजिनांत २० ते ३५ बारच्या दरम्यान दाब येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा : १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. बॅटरी अर्धवट उतरलेली असेल तर सगळेच आकडे खोटे येतात.

प्रश्न : कागदावर अजून जुन्या इंजिनाचाच नंबर आहे. मालक म्हणतात, नंतर करून घ्या.

उत्तर : नंतर नाही, पैसे देण्याआधी. ब्लॉकवर कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून स्वतः वाचा, फोटो काढा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर परत फिरा. इंजिन कुठल्या मॉडेलचं, कुठल्या वर्षाचं हे मालकांकडून लिहून घ्या. फिल्टर, बेल्ट, वॉटर पंप मागताना दुकानदार गाडीचं नाव विचारतो, आणि या गाडीचं नाव सांगून काहीच मिळणार नाही.

प्रश्न : चालवून पाहिली तर ६० ते ७० च्या वेगाला सीटखाली थरथर होते, पुढे वेगासोबत वाढते. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे नवीन क्रॉस (टोकांचे सांधे) टाकले की जाईल, असं सांगितलं.

उत्तर : त्याच वेगाला गिअर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या. थरथर राहिली तर ती शाफ्टची किंवा चाकांची. गेली, आणि उभ्या गाडीत त्याच फेऱ्यांवर पुन्हा आली, तर इंजिन, क्लच किंवा फाउंडेशनची.

शाफ्टची असेल तर कोन मोजा. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप पुरतं. दोन क्रॉसच्या साध्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचं मागचं फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) आणि डिफरन्शियलचं फ्लँज एकमेकांना समांतर हवं. एक अंशापर्यंत फरक चालतो. नवीन इंजिन बसावं म्हणून गिअरबॉक्सची शेपटी खाली-वर केली की हे समांतरपण जातं, आणि मग कितीही क्रॉस बदला, ते पुन्हा पुन्हा जातात. शाफ्टवर वेल्डचा ताजा गोल दिसला तर तो कापून लहान-मोठा केलेला आहे. बॅलन्स केला का ते विचारा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का तेही बघा. कोन चुकलेला असला तर डिफरन्शियल आणि पाटे यांच्यात पाचर घालून किंवा गिअरबॉक्सचं माउंट बदलून तो जमवता येतो. तेवढ्यासाठी गाडी सोडू नका, पण किंमत त्या हिशेबाने बोला.

प्रश्न : ब्रेक दगडासारखा लागतो. पॅड बदलून पाहिले.

उत्तर : पॅडचा दोष नसावा. पेट्रोल इंजिन बूस्टरला (ब्रेक पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारं व्हॅक्यूम स्वतः तयार करतं. डिझेलमध्ये हवेचा मार्ग उघडा असल्याने ते होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे किंवा कॅमवर चालणारा. इंजिन बदलताना तो राहून जातो, किंवा नुसता पाइप मॅनिफोल्डला जोडून मोकळे होतात.

इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर पंप, पाइप, वनवे व्हॉल्व्ह आणि बूस्टर याच क्रमाने तपासा. खाली गेलं तर इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा : निदान एकदा तरी पेडल मऊ लागायला हवं, नाहीतर वनवे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर गळतोय. हे दुरुस्त झाल्याशिवाय ती गाडी चालवत घरी आणू नका, ट्रकवर चढवून आणा.