औषधाचं नाव कळल्याशिवाय सशाला काही पाजू नका

ताई, तुमचं घर सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या बाजूला. जून ते सप्टेंबर पावसात परड्यात काही टिकत नाही, मार्चपासून आडाला पाणी नाही. मधल्या चार-पाच महिन्यांत घरची भाजी आणि मुलीच्या सशाचा पाला दोन्ही निघेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की ससा शिंकतोय, उद्या दवाखान्यातून औषध आणणार. मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकलो, म्हणून आधी तेच.

औषध पाजण्याआधी त्याचं नाव विचारा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यातलं काहीही सशाला तोंडावाटे द्यायचं नसतं. सशाला चारा पचतो तो आतड्याला जोडलेल्या मोठ्या पिशवीतल्या जिवाणूंच्या जिवावर. ही औषधं नेमके तेच जिवाणू मारतात, मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. खाणं सुटतं, पाण्यासारखी हगवण लागते, आणि तिथून ससा क्वचितच परत येतो.

आमची कापशी अशीच गेली. जिल्ह्यातलाच एक दवाखाना, नाव लिहीत नाही. टेबलामागच्या माणसानं तिला हातही लावला नाही. एका मोठ्या बाटलीतलं पातळ औषध छोट्या बाटलीत ओतून दिलं, "कुत्र्याच्या पिल्लाएवढं द्या" म्हणाला. मी नाव विचारलं, तर "सर्दीचं आहे." कागदावर लिहून मागितलं, तर "सशाला कसला केसपेपर?" दुसऱ्या दिवशी तिनं गवताला तोंड लावलं नाही. फोन केला तर हवा बदललीय म्हणाले, होईल बरं. शेवटी आम्ही तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काय पाजलंय?" आमच्या हातात बिनलेबलाची बाटली. त्यांनी वास घेतला, रंग बघितला, अमॉक्सिसिलिन असावं म्हणाले, पण तोवर फार उशीर झाला होता. केसपेपरवर एक शब्द लिहायला किती वेळ लागतो? गाई-म्हशींच्या गर्दीत त्या लोकांवर ताण असतो हे मला मान्य आहे. पण ससा माहीत नसेल तर "मला माहीत नाही, पुढे न्या" एवढं म्हणावं. मला अजून राग येतो तो त्याचाच.

मी डॉक्टर नाही, डोस सांगणार नाही. सशाला चालणारी जिवाणूनाशकं आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन त्यातलं नेहमीचं. पेनिसिलिनसुद्धा जाणकार डॉक्टर सुईनं देतात, तोंडानं नाही. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून ससा बघणारं कोणी आहे का ते विचारा. नाकातून घट्ट पांढरं येत असेल, किंवा नाक पुसून पुसून पुढच्या पायांची लव चिकट झाली असेल, तर थांबू नका. तसं नसेल तर पिंजऱ्याखालचा मुताचा वास आणि गवतातली धूळ आधी बघा, शिंका त्यानंही येतात. आणि बारा तास काहीच खाल्लं नाही, तर शिंका असोत-नसोत, निघा. गोचिडांसाठी कुत्र्याला मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला विषारी आहे, तो कुणी दिला तर घेऊ नका.

आता परडं. पुन्हा पोटाचीच गोष्ट आहे: सशाचा पाला एकदम बदलला की पोट बिघडतं. म्हणून एकाच दिवशी सगळा वाफा फोकू नका. परतीचा पाऊस सरला की दर आठवड्याला थोडं थोडं पेरा. शेवटची पेरणी कधी, हे आडावरून ठरवा: पाणी आटायचा अंदाज धरा आणि तिथून मागे मोजा. मेथीला महिना, मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस, कोथिंबिरीलाही साधारण तेवढेच. फेब्रुवारीअखेर पाणी जात असेल तर मुळ्याचं शेवटचं बी संक्रांतीच्या आत पडलं पाहिजे. माझ्या मते तुमच्यासाठी मुळ्यासारखं पीक नाही, कंद घरात आणि पाला सशाला. पुसा चेतकी वाण लवकर येतो. धणे रगडून दोन फाकी करून पेरा. पावसानं धुपलेल्या तुमच्याकडच्या तांबड्या मातीत शेणखत सढळ हातानं घाला, त्यात काटकसर नको.

पालक आणि माठ सशाला रोज नको, त्यात ऑक्झलेट जास्त. टोमॅटो-बटाट्याचा पाला, कांदा, लसूण अजिबात नको. आपल्याकडे घेवडा हमखास लावतात, पण त्याचे कच्चे दाणे सशाच्या तोंडात जाऊ देऊ नका. नवा पाला पहिल्यांदा दोन-चार पानंच द्या आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघा.

पण हा सगळा पाला वरचा. सशाचं खरं अन्न वाळलं गवत, आणि ते तुमच्या डोंगरउतारावर फुकट आहे. दिवाळीच्या सुमारास कापून चांगलं वाळवा, कोरड्या जागी गंजी घाला. बुरशीचा वास आला तर टाकून द्या. बाहेरून महाग टिमोथी नावाचं परदेशी वाळलं गवत मागवायची मला तरी गरज वाटत नाही. उन्हाळ्यात परडं ओस पडेल तेव्हा ससा यावरच राहील. त्या दिवसांत त्याला पत्र्याखाली ठेवू नका, तिशीच्या वर पारा गेला की सशाला सोसत नाही.

लेंड्या थेट वाफ्यात घातल्या तरी कोंबडीखतासारखं पीक जळत नाही. कच्ची खायची कोथिंबीर असेल तिथं मात्र मी कुजवूनच घालतो. पहाटे पिंजऱ्यात मऊ, घोसासारख्या लेंड्या दिसल्या तर त्या झाडू नका, त्या त्याला परत खायच्या असतात.

उद्या दवाखान्यात जाल तेव्हा वर लिहिलेली चार नावं कागदावर उतरवून न्या. औषध दिलं की त्यावरचं लेबल तिथंच वाचा. लेबल नसेल तर बाटली तिथंच ठेवून या.