गावात ऑनलाईन सेंटर टाकतोय, याच बजेटात आय सेव्हन मिळते म्हणतात, घेऊ का?

भाऊ, तुमचं काम म्हणजे सातबारा, पीक विमा, महाडीबीटीचे फॉर्म, पासपोर्ट फोटो अन् प्रिंट, बजेट तीस हजाराच्या आत, आणि तालुक्याचा दुकानदार म्हणते तेवढ्यातच आय सेव्हन बसवून देतो. मी यवतमाळकडे असेंबल अन् रिपेरिंगच करतो, त सरळ सांगतो, पूर्ण नंबर पाह्यल्याशिवाय हो म्हणू नका.

आय सेव्हन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नुसतं घराण्याचं नाव झालं, खरी गोष्ट त्याच्या पुढच्या नंबरात असते. दुकानात मशीन चालू करायला लावा, धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथं प्रोसेसरच्या ओळीत पूर्ण नंबर दिसते. ३७७० असा चार आकडी असला त पहिला आकडा म्हणजे जनरेशन, तिसरी. १२१०० असा पाच आकडी असला त पहिले दोन, बारावी. आता ३७७० हा आय सेव्हन २०१२ चा आणि १२१०० हा आय थ्री २०२२ चा, दोघांतही ४ कोर (काम करणारे भाग) न् ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), पण मधात दहा वर्षं गेली, त्यामुळं हा आय थ्री त्या आय सेव्हनच्या जवळपास दुप्पट काम काढते. एवढ्या कमी पैशात जो आय सेव्हन मिळते तो बहुतेक असा जुन्या मशीनमधून काढलेलाच असते, नव्या मदरबोर्डवर बसवून नव्या कॅबिनेटात घातलेला, वरून काही ओळखू येत नाही.

आणखी एक, विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. तुमच्याकडं लोकांचे आधार, बँक पासबुक येणार, अंगठ्याचं मशीन लागणार, तिथं अपडेट बंद झालेलं विंडोज ठेवणं बरोबर नाही.

मंग घ्यायचं काय, त आय थ्री १२१०० किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, जो बजेटात बसेल तो. ५६००जी मधे ६ कोर आहेत, पुढं फ्लेक्स-बॅनरचं डिझाईन करायचं मनात असलं तर तो बरा. फक्त शेवटचं अक्षर नीट पाहा, इंटेलमधे एफ असला, म्हणजे १२१००एफ, त आतमधे ग्राफिक्स नसते, वेगळं कार्ड टाकल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. रायझनमधे उलटं, ५६००जी मधे ग्राफिक्स आहे आणि नुसत्या ५६०० मधे नाही.

उरलेला पैसा रॅम अन् एसएसडीत (हार्डडिस्कच्या जागी लागणारं वेगवान स्टोरेज) टाका. जुलैत पीक विम्याची गर्दी असते तेव्हा क्रोममधे दहा-बारा टॅब, वरून स्कॅनर, पीडीएफ, तिथं ८ जीबी कमी पडते अन् लोक प्रोसेसरला शिव्या देतात. १६ बसत असली तर ८-८ च्या दोन लावा, आतलं ग्राफिक्स रॅमच वापरते, दोन पट्ट्या सोबत चालल्या की त्याला वेग भेटते. हार्डडिस्क मेन ड्राइव म्हणून नकोच.

आपल्याकडं एप्रिल-मे मधे टिनाच्या दुकानात पंख्याची हवाच भट्टीसारखी लागते, त्यात कापसाच्या सीझनची रुई प्रोसेसरवरच्या कूलरच्या जाळीत पांढरा थर धरून बसते. मंग प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून सोताहून वेग कमी करते अन् गिऱ्हाईक उभं असताना मशीन रेंगाळते. ही दोन्ही प्रोसेसर ६०-६५ वॅटच्या वर्गातली, सोबतचा कूलर पुरते, पण दर दोन महिन्यांनी ब्रशनं झाडत जा आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. लोडशेडिंग आहेच, छोटा यूपीएस पहिल्या दिवसापासून पाह्यजे, फॉर्म सबमिट होताना लाईट गेली की पैसे कटले का नाही तेच कळत नाही.

बिल पक्कं घ्या, त्यावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून मागा आणि सीलबंद डब्बा तुमच्यासमोर फोडायला लावा, डब्बाबंद प्रोसेसरला दोन्ही कंपन्या ३ वर्षांची वॉरंटी देतात. कोटेशन हातात आलं की त्याचा फोटो इथंच टाका, पाहून सांगतो.