ख्रिसमसची युरोप टूर : २४, २५, २६ला बस कुठे असणार ते आधी विचारा

प्रश्न : आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं ख्रिसमसच्या सुट्टीत ग्रुप टूरने युरोपला जायचं म्हणतोय. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. मेपेक्षा स्वस्त पडतेय म्हणून मिस्टर एका पायावर तयार आहेत, पण जाऊबाई म्हणतात तिकडे तेव्हा सगळं बंद असतं आणि थंडीत सासूबाईंचे हाल होतील. काय करावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे हो. सगळं काही बंद नसतं, पण कुठल्या तारखेला तुम्ही कुठल्या गावात आहात यावर सगळा खेळ आहे आणि ब्रोशरमध्ये नेमकं तेच नसतं, तिथे नुसतं दिवस पहिला, दिवस दुसरा. तेव्हा बुकिंगच्या आधी टूरवाल्यांकडून तारखेनुसार प्रोग्रॅम लेखी मागून घ्या. २५ डिसेंबरला लंडनमध्ये असाल तर त्या दिवशी ट्यूब म्हणजे तिथली मेट्रो, बस, ट्रेन काहीच चालत नाही, आणि टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर असलेला मुकुट आहे, ते २४ ते २६ बंद. अशा दिवशी स्वतःहून गेलेला माणूस हॉटेलात अडकून पडतो, तुमची निदान स्वतःची बस असते, त्यामुळे या आठवड्यात तरी ग्रुप टूर मला सोयीची वाटते. रोमला व्हॅटिकनची म्युझियम्स २५ आणि २६ला बंद, म्हणजे सिस्टीन चॅपलही नाही, पण २५च्या दुपारी १२ला सेंट पीटर्सच्या चौकात पोप आशीर्वाद देतात, ते बघायला मिळालं तर मजाच. पॅरिसला २५ला लूव्र म्युझियम बंद, आयफेल टॉवर चालू.

ख्रिसमस मार्केटसाठी जीव टाकत असाल तर एक सांगते, जर्मनीतली बरीचशी २३-२४लाच आवरतात, न्यूरेंबर्गचं प्रसिद्ध मार्केटसुद्धा २४ला संपतं. २२ला मुंबईहून निघणाऱ्या टूरच्या जाहिरातीत मार्केटचे फोटो दिसले की विचारा, कुठलं आणि कितव्या तारखेला!

दुसरं म्हणजे उजेड. पॅरिसला तेव्हा सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि पाचला अंधार, त्यातून ड्रायव्हरचे तास कायद्याने बांधलेले, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, मग बर्फाने उशीर झाला की पहिला बळी जातो तो साइटसीइंगचा. म्हणून 'फोटो स्टॉप' किती आणि आतून बघणं किती हे मोजा.

सासूबाईंचं म्हणाल तर बसमध्ये, हॉटेलात हीटर असतो, त्रास होतो तो बाहेर दगडी रस्त्यावर चालताना. साडीच नेसणार असतील तर आत थर्मल, लोकरी मोजे, आणि चांगली ग्रिप असलेले बूट, चपला नकोत. स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं ठिकाण युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर नेऊ नका. इन्शुरन्समध्ये जुने आजार कव्हर आहेत ना बघा. आणि घरचं तूप, पेढे नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा, खाकरा न्या.

व्हिसा दोन लागतात, शेंगेन (फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली यांना मिळून एकच) आणि यूके, आणि पासपोर्ट एकच, एका वेळी एकीकडेच अडकतो. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, यूकेचा तीन महिने आधीपासून. म्हणून शेंगेन आधी उरकून घ्या. त्याला एरवी १५ दिवस, पण ४५पर्यंतही जाऊ शकतात. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर बोंब होईल.

प्रश्न : बजेट कमी आहे. ख्रिसमसला सिंगापूर की थायलंड?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सिंगापूरला डिसेंबर म्हणजे पावसाळा, ऑर्चर्ड रोडची रोषणाई झकास असते पण छत्री हवीच. थायलंडला फुकेत, क्राबीची बाजू घ्या, तिकडे तेव्हा कोरडं असतं, सामुईला पाऊस असू शकतो. फक्त बऱ्याच हॉटेलांत २४ आणि ३१ला गाला डिनर कंपल्सरी असतं, माणशी वेगळे पैसे, व्हेज असा नाहीतर नॉनव्हेज. ते पॅकेजमध्ये धरलंय का, हे पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या.