दिवाळी होऊन जाते, तान्ह्या पोळ्याचं बघ

तू विचारलंस, "ताई, ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स आहे. नागपूरबाहेरची पहिलीच दिवाळी. कशी करता तिथे? फार एकटं वाटतं का?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे पैसे), एपीएस (पदवीच्या कागदांची पडताळणी), विमा हे सगळं वकिलातीच्या पानावर आहे, ते मी उगाळत नाही.

दिवाळी होते रे. तिथी कोणतीही असो, इथल्या मराठी मंडळाची दिवाळी जवळच्या शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये. खऱ्या दिवशी नागपुरात साडेसहाला लक्ष्मीपूजन सुरू होतं तेव्हा इथे दुपारचे तीन असतात, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली असतील तर दोन. म्हणजे लेक्चर. मी मागच्या बाकावर बसून, आवाज बंद करून आरती पाहिली आहे. होस्टेलमध्ये उदबत्ती जपून लाव, छताला स्मोक अलार्म असतो. फटाके लोकांना फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. फराळ खुशाल आण, पण संत्रा बर्फी नको. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे. आई ऐकणार नाही, कपड्यांच्या घडीत सरकवेल. निघायच्या आधी बॅग एकदा उपसून बघ.

एकटं वाटतं. सवय होते. पुढे.

माझं दुखणं वेगळंच आहे. २०२५ ला लेकीच्या शाळेत दिवाळीसाठी एका दिवसाची रजा मागितली. इथे शाळा बुडवणं म्हणजे कायद्याचा मामला, दंडसुद्धा होतो. सणाचा पुरावा द्या म्हणाले. मी कालनिर्णयच्या पानाचा फोटो पाठवला, २१ ऑक्टोबरला लाल गोल करून. उलट विचारणा आली, गेल्या वर्षी तर १ नोव्हेंबरला होती, यंदा आधी कशी? मग अमावास्या, अधिक महिना, सगळं जर्मनमध्ये समजावत दोन पानी पत्र लिहिलं. रजा मिळाली. लेक रुसली, कारण त्याच दिवशी वर्गाचं पोहणं होतं. "आपली दिवाळी शनिवारी असते ना?" म्हणाली. तिचं काय चुकलं? तिने दुसरी पाहिलीच नाही. पण मला ते अजून लागतं.

आणि दिवाळीला निदान हॉल तरी मिळतो. तान्ह्या पोळ्याला कोण विचारतं? इथले पुण्या-मुंबईचे मित्र बैलपोळा ओळखतात. लहान पोरं दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात म्हटलं की हसतात. मारबतीचं तर सांगायलाच नको. रोगराई नि वाईट हाकलायला त्याच दिवशी मिरवत नेऊन जाळतात ते मोठाले पुतळे, १८८१ पासून निघणारी काळी मारबत, पिवळी, चालू घडामोडींवर टोमणे मारणारे बडगे, इतवारीतली ती गर्दी आणि "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत" ही आरोळी. मी महालातली. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जागेवर सापडायचं नाही. इथे तो कामाचा एक दिवस असतो आणि कुणी शुभेच्छासुद्धा पाठवत नाही. दिवाळीला मी कधी रडले नाही. या दिवशी मात्र ट्राममध्ये फोनवर मिरवणूक पाहताना माझा स्टॉप निघून गेला आहे.

म्हणून सांगते, पणत्या आणू नकोस, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात. लहानपणचा नंदी माळ्यावर असेल तर तो आण. चाकं काढून चेक-इन बॅगेत टाक. शिंगांवर पितळ असेल तर हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर वाद घालत बसशील. माझा भाच्याला देऊन आले. आता तो परत मागायचा कसा, तेही मला समजत नाही.

आणि खोली मिळाल्याबरोबर घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद घे. त्याच्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसली की पुढचं सगळं अडतं.