लहान पक्ष आणि मोठा भागीदार: ब्रिटनमधल्या आघाड्यांबद्दल तुमचे प्रश्न

ब्रिटनच्या राजकारणावर लिहायला लागल्यापासून एकच गैरसमज पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो: मंत्रिपद मिळालं म्हणजे लहान पक्षाचं म्हणणं सरकारने मान्य केलं. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न: लहान पक्षाच्या खासदाराने तिथे व्हिप मोडला, तर खासदारकी जाते का?

नाही. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही.

प्रश्न: २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाला उपपंतप्रधानपद मिळालं, सरकार पाच वर्षं टिकलं. तरी २०१५ मध्ये पक्ष ५७ वरून ८ जागांवर कसा आला? नुसती विद्यापीठांची फी वाढली एवढ्यावरून?

‘एवढ्यावरून’ म्हणू नका. निवडणुकीआधी पक्षनेते निक क्लेग यांच्यासह या पक्षाच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, सही केलेला फलक हातात धरून फोटो काढून घेतले. फीवाढीच्या विरोधात मत देऊ, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३०६ जागा मिळाल्या, बहुमताला ३२६ हव्या होत्या. दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी पाच दिवसांत उरकल्या. आघाडीच्या करारात फीबद्दल काय आलं? सरकारचा निर्णय पटला नाही तर लिबरल डेमोक्रॅट खासदारांना तटस्थ राहण्याची मुभा. विरोधी मत देण्याची नव्हे! शब्द करार झाला त्या मे महिन्यातच मोडला होता, लोकांना तो डिसेंबरात दिसला.

त्यात विद्यापीठांचं खातं आलं याच पक्षाच्या व्हिन्स केबल यांच्याकडे. म्हणजे कमाल फी जवळजवळ तिप्पट करून ९,००० पौंडांवर नेण्याची बाजू त्यांनीच मांडायची. ९ डिसेंबरला प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला. पक्षाचे २१ खासदार विरोधात गेले, त्यांत चार्ल्स केनेडी आणि मेन्झिस कॅम्बेल हे दोन माजी पक्षनेतेही होते.

तडजोड लहान पक्षाला करावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणत्या शब्दाला हात लावू द्यायचा नाही, हे मतदानाआधी ठरवायला हवं, आणि तो शब्द ज्या खात्यात मोडला जाणार ते खातं घ्यायचंच नाही. मतदानपद्धत बदलण्याच्या बाबतीतही हेच झालं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने सार्वमत मागितलं, ते मिळालं. प्रचारात मोठ्या पक्षाने काय भूमिका घ्यायची, हे मात्र मोकळं सोडलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन बदलाच्या विरोधात उतरले आणि मे २०११ मध्ये ६७.९ टक्के मतं विरोधात पडली. दुसरीकडे १०,००० पौंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, गरीब घरांतल्या मुलांसाठी शाळांना जादा निधी मिळाला. ही दोन्ही कामं यांच्या आग्रहाने झाली, पण मतदाराच्या डोळ्यांसमोर राहिला तो फलक. २०१५ मध्ये गेलेल्या ४९ जागांपैकी २७ सत्तेतल्या भागीदारानेच घेतल्या.

‘क्लेगनी खुर्चीसाठी सगळं विकलं’ असा फॉरवर्ड तुम्ही सोबत पाठवला आहे. तो पुढे ढकलण्याआधी करार वाचा, तो खुला आहे. प्रबंधासाठी लिहीत असाल तर कोणत्या खासदाराने कसं मत दिलं याची यादी संसदेच्या अधिकृत इतिवृत्तातून घ्या आणि मार्गदर्शकांना दाखवा.

प्रश्न: मग बाहेरून पाठिंबा देणं जास्त शहाणपणाचं नाही का? आमच्या नगरपालिकेतल्या गटापुढे हाच पेच आहे.

काही काळ, हो. २०१७ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने १० खासदारांच्या जोरावर पंतप्रधान तेरेसा मे यांच्या अल्पमतातल्या सरकारला बाहेरून पाठिंबा दिला आणि त्या बदल्यात आपल्या प्रांतासाठी १ अब्ज पौंडांचा जादा निधी मिळवला. ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये ब्रेक्झिटच्या वाटाघाटींसाठी जेवणाच्या टेबलावर होत्या. तिथून उठून त्यांना या पक्षाच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांच्याशी फोनवर बोलावं लागलं आणि त्या दिवशीचा समझोता अडला. पण २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांना स्वतःचं बहुमत मिळालं, आणि या पक्षाला नको असलेली, ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी आयरिश समुद्रावर आलीच. दहा जणांचं वजन गणित जुळेपर्यंतच होतं.

तुमच्या गटाचं म्हणाल तर ब्रिटनचा दाखला इथे चालणार नाही. आपल्याकडे स्थानिक संस्थांनाही पक्षांतरबंदी लागू आहे. सही करण्याआधी वकिलांना मसुदा दाखवा, सभेच्या आदल्या रात्री नव्हे.

प्रश्न: क्लासच्या नोट्समध्ये ‘२०१० चं सरकार हे ब्रिटनमधलं पहिलं आघाडी सरकार’ असं आहे. बरोबर?

चूक. १९४० ते १९४५ चं चर्चिल यांचं युद्धकालीन सरकार आघाडीचंच होतं. पैसे घेऊन अशा नोट्स विकणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण परीक्षेत गुण तुमचे जातात. शिक्षकांना विचारून पाठ्यपुस्तक घ्या.

प्रश्न: मुलगी लीड्सला शिकते, पासपोर्ट भारतीय. लहान पक्षाला मत द्यावं का, असं विचारते. तिला मत आहे का?

ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. मात्र नोंदणी करावी लागते. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. तिने आपल्या व्हिसाची कागदपत्रं घेऊन लीड्स कौन्सिलच्या मतदारनोंदणी कार्यालयात याच आठवड्यात विचारावं. मत कोणाला द्यायचं हे तिचं तिने ठरवावं. फक्त तिथल्या उमेदवाराला आधी एक प्रश्न विचारायला सांगा: आघाडी झाली तर तुमचा पक्ष कोणत्या मुद्द्यावर उठून जाईल?